सुक्याबरोबर ओले जळू नये
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मांजर्ली, बदलापूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा दिवस गुणवंतांच्या कौतुकाचा आहे. अशा प्रसंगी निवृत्त शिक्षकाने विद्येचे महत्त्व, शिस्त, वेळेचा सदुपयोग अशा एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि आम्हीही आजवर ती निमूटपणे पुरी करीत आलो आहोत. परंतु या खेपेस आम्ही अध्यक्ष महाराजांची आगाऊ परवानगी घेऊन निराळा विषय निवडला आहे. तो मंगलकार्याला शोभणारा नाही, हे आम्ही जाणतो. ज्या घरातील बाप अथवा आई तुरुंगात आहे, त्या घराचे आणि विशेषतः त्या घरातील मुलांचे काय होते, आणि त्यांच्या बाबतीत आपल्यासारख्या मंडळाचे कर्तव्य काय, हा तो विषय होय.

हा विषय आपल्याला लागू नाही, आपल्या ज्ञातीत असले प्रकार नाहीत, असे काहींच्या मनात आले असेल. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, असे म्हणणारी ज्ञाती अजून आमच्या पाहण्यात आलेली नाही. प्रत्येक ज्ञातीत अशी घरे असतात. फक्त ती समारंभास येत नाहीत. आज ह्या मंडपात कोण आले आहे हे आपण मोजतो. कोण येईनासे झाले आहे, हे मोजण्याची आपल्याला सवय नाही.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपला दोष सांगावा, ही जुनी रीत आहे. म्हणून आमच्या हातून घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर आमची नेमणूक झालेली होती. अर्ज तपासण्याचे काम आमच्याकडे असे. त्या वर्षी नववीतील एका मुलीचा अर्ज आला. गुण उत्तम, अक्षर सुरेख. अर्जावर आईची सही होती, वडिलांची नव्हती. तिचे वडील एका पतसंस्थेच्या अफरातफरीच्या प्रकरणात अटकेत असल्याचे सर्वांनाच ठाऊक होते. पारितोषिक घेण्यास मुलीबरोबर पालकांस व्यासपीठावर बोलावण्याचा प्रघात होता. त्या घरचे कोणी व्यासपीठावर आले तर चार लोक कुजबुजतील, मंडळाचे नाव निघेल, अशी धास्ती आम्हांस वाटली. ती उघड बोलण्याचे धैर्य मात्र नव्हते. तेव्हा आम्ही अर्जावर तांबड्या शाईने शेरा मारला : 'अपूर्ण. वडिलांची सही नाही.'

दोन दिवसांनी त्या मुलीची आई आमच्या घरी आली. ओट्यावरच उभी राहिली. घरात या म्हटले तरी आली नाही. म्हणाली, "गुरुजी, सही कुठून आणू? आधारवाडीला जाऊन आणू का?" आम्ही नियमाकडे बोट दाखवले. नियम दाखवून सुटका करून घेण्यात आम्हां शिक्षकांचा हातखंडा असतो. बाई गेली. मुलीने दहावीनंतर शाळा सोडली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मालाच्या वेष्टनाचे काम धरले. खटला पुढे चालला, आणि अटकेनंतर चार वर्षांनी न्यायालयाने तिच्या वडिलांस निर्दोष म्हणून सोडून दिले.

न्यायालयाला निर्णयास चार वर्षे लागली. आम्ही मात्र त्या मुलीचा निकाल एका दुपारी लावून टाकला होता. तिच्यावर कोणताही आरोप नव्हता, तिचे म्हणणे कोणी ऐकले नव्हते, आणि आमच्या निर्णयावर अपिलाची सोयही नव्हती. येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. तो गृहस्थ निर्दोष ठरला म्हणून आमची चूक ही चूक ठरली, असे कोणी समजू नये. तो दोषी ठरला असता, तरीही मुलीचा दोष शून्यच होता. आजच्या आमच्या सर्व बोलण्याचे सार एवढेच आहे की, शिक्षा ज्याची त्याला असावी. न्यायालय एका माणसाला शिक्षा देते. त्याच्या घराला शिक्षा आपण देतो.

आता असे घर प्रत्यक्षात कोणत्या अवस्थेतून जाते, ते पाहू. मिळवता हात एका रात्रीत जातो. दुसऱ्या दिवसापासून वकिलाची फी, जामिनाची खटपट आणि न्यायालयाच्या तारखा सुरू होतात. घरमालक भाड्याची आठवण नेहमीपेक्षा लवकर करू लागतो. दुकानदार उधारीची वही मिटतो. येथून आधारवाडीला भेटीसाठी जायचे म्हणजे बदलापूरहून गाडीने कल्याण गाठावयाचे, तेथून रिक्षा करावयाची, नाव नोंदवून रांगेत बसावयाचे, आणि काही मिनिटांच्या भेटीसाठी दिवसाची मजुरी बुडवावयाची. माणूस ठाणे, तळोजे अथवा येरवड्यास असला तर खर्च व त्रास आणखी वाढतो. त्यातच आत असलेल्यास किरकोळ खर्चासाठी पैसेही पाठवावयाचे असतात. कैद्याला निदान दोन वेळचे जेवण सरकार देते. बाहेरच्यांची हमी कोणी घेत नाही.

आणि मूल? आम्ही चौतीस वर्षे वर्गात उभे राहिलो. तेव्हा ह्याबद्दल थोडे अधिकाराने बोलू शकतो. अशा मुलाचे दुःख रडण्यातून क्वचितच दिसते. काल पुढच्या बाकावर बसणारा मुलगा आज शेवटच्या बाकावर जातो. कोणी भांडखोर होतो, कोणी मुका होतो. एकदा आम्ही 'माझे वडील' हा निबंध दिला होता. एका मुलाने कोरी वही आणून ठेवली. आम्ही त्यास आळशी म्हणून बाकावर उभे केले. त्याच्या घरची हकीकत आम्हांस पुढे महिन्याने कळली. तेव्हापासून तो विषय आम्ही वर्गात पुन्हा दिला नाही. पण जे घडून गेले ते गेले.

घरातील वडीलधारी माणसे बहुधा मुलास सांगतात, "बाबा दुबईला गेले आहेत," किंवा "मोठ्या कामावर आहेत." हेतू चांगला असतो. परंतु खरी गोष्ट एखादे दिवशी शाळेच्या मैदानावर, भांडणाच्या वेळी, दुसऱ्या मुलाच्या तोंडून शिवीच्या रूपाने त्याच्या कानांवर पडते. त्या क्षणी मुलाचा बापावरचा नव्हे, तर आईवरचाही विश्वास उडतो. म्हणून आमचे मत असे आहे की, मुलास त्याच्या वयाला पेलेल तेवढे खरे सांगावे : बाबांवर एक आरोप आहे, न्यायाधीश त्याचा विचार करीत आहेत, ते सध्या घरी येऊ शकत नाहीत, आणि ह्यात तुझी काहीही चूक नाही. हे शेवटचे वाक्य पुनःपुन्हा सांगावे. बापाला घेऊन गेले ते आपण हट्ट केला म्हणून, असे मनात धरून बसलेली लहान मुले आम्ही पाहिली आहेत.

'तुरुंगात आहे म्हणजे गुन्हेगारच' हा आपला समज किती पोकळ आहे, हे आकड्यांवरून दिसेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साल संपताना देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरांत सुमारे शहात्तर, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हावयाचा होता. त्याच दिवशी १,५३७ स्त्रिया आपल्या १,७६४ लहान मुलांसह तुरुंगात राहत होत्या. ही मुले भिंतीच्या आत होती, म्हणून निदान मोजली गेली. भिंतीबाहेर राहिलेली मुले तर ह्या हिशेबात येतच नाहीत.

आतील मुलांसाठी कायद्याने थोडेफार केले आहे. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी जो निर्णय दिला, तो प्रत्येक समाजसेवकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आईबरोबर राहणारे मूल हे कैदी नव्हे. त्यास अन्न, वस्त्र, औषधोपचार, शिक्षण व खेळ ह्यांचा हक्क आहे. सहा वर्षांपर्यंत ते आईजवळ राहू शकते. आणि तुरुंगात जन्मलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचे नाव घालू नये, असे त्यात सांगितले आहे. ह्या शेवटच्या सूचनेचा आपण विचार करावा. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मुलाच्या कागदावरून तुरुंगाचे नाव पुसून टाकावे, आणि आम्ही मंडळाच्या अर्जावर ते तांबड्या शाईने लिहून ठेवावे, ह्यापरते लज्जास्पद काय?

मुलाला जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याचे पाप ह्या देशात कायद्यानेही झालेले आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने कित्येक जमातींच्या कपाळी जन्मतःच डाग लावला. सोलापूरच्या वसाहतीत बायकामुलांसह माणसे तारेच्या कुंपणात ठेवलेली होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला व त्या जमाती विमुक्त झाल्या. तारेचे कुंपण तुटले; परंतु लोकांच्या मनातील कुंपण तुटण्यास किती काळ लागतो, हे त्या बांधवांना विचारावे.

ह्याच्या उलट, आपल्याच महाराष्ट्रात घडलेली एक उज्ज्वल गोष्टही आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांच्या कारकीर्दीत, मॉरिस फ्रिडमन ह्या पोलंडमधील इंजिनिअर गृहस्थाच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. तेथे उंच भिंती नाहीत. शिक्षा भोगणारी माणसे शेती करतात आणि आपल्या बायकामुलांसह राहतात. व्ही. शांताराम ह्यांचा १९५७ चा 'दो आँखे बारह हाथ' हा चित्रपट ह्याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांची. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला, गाणीही गुणगुणलो. पण घर शाबूत राहिले तर माणूस सुधारतो, हा त्यामागचा विचार आपण आपल्या आळीत आणला नाही. परदेशातही हे शहाणपण जुने आहे. एलिझाबेथ फ्राय नावाची बाई १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेली, आणि पुढे काही वर्षांतच तिने तेथील कैदी बायकांच्या मुलांसाठी तुरुंगातच शाळा काढली. महाराष्ट्रातील कारागृहांत अलीकडे 'गळाभेट' हा उपक्रम होऊ लागला आहे. त्यात कैद्याला जाळी मध्ये न ठेवता आपल्या मुलाला पोटाशी धरता येते. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना जे उमजले, ते आपल्याला उमजू नये काय?

येथे कोणी विचारील, "गुरुजी, ज्याचे घर त्या गुन्ह्याने उद्ध्वस्त झाले, त्याचे काय?" हा प्रश्न योग्य आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या घरी आपण आधी गेले पाहिजे. परंतु एका मुलाच्या ताटात वाढण्यासाठी दुसऱ्या मुलाचे ताट काढून घ्यावे लागत नाही. आम्ही गुन्ह्याची भलामण करीत नाही. शिक्षा कमी करा असेही म्हणत नाही. आणि कधीकधी गुन्हा घरातच घडलेला असतो. बापाच्या हातूनच आईचा जीव गेलेला असतो. अशा मुलाने आई व बाप दोन्ही एकाच दिवशी गमावलेले असतात. त्यास बापाच्या भेटीची सक्ती करू नये, आणि त्याची इच्छा असल्यास अटकावही करू नये. आजी, मामा, आत्या, जो कोणी त्यास सांभाळीत असेल, त्याच्या पाठीशी उभे राहावे.

बंधुभगिनींनो, नुसत्या कळवळ्याने कोणाची चूल पेटत नाही. म्हणून काही उपयुक्त माहिती सांगतो. शिक्षा भोगत असलेल्या कैद्याच्या पत्नीचा समावेश संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आहे. अर्ज तहसीलदार कचेरीत करावा लागतो. आपल्याकरिता ती कचेरी अंबरनाथला आहे. २०२३ पासून ह्या योजनेचे मासिक अनुदान १,५०० रुपये झाले आहे. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव दिलेले आहे. पालक तुरुंगात असलेल्या मुलांना तिचा आधार मिळू शकतो, आणि तीत दरमहा प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये ठरलेले आहेत. त्यासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे जावे लागते. अटी व रकमा बदलत असतात. म्हणून अर्जापूर्वी कचेरीत खात्री करून घ्यावी. वकिलासाठी दागिने मोडण्यापूर्वी हेही ध्यानात ठेवावे की, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अटकेत असलेल्या माणसास, तसेच स्त्रिया व बालके ह्यांस विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. शिक्षा झालेल्या कैद्यास संचित रजा व अभिवचन रजा मिळू शकते. त्या वेळी घरच्या पत्त्याची चौकशी होते आणि जामीन राहणारा माणूस लागतो. पुष्कळदा हा जामीनच मिळत नाही. शाळेच्या बाबतीत, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. घर बदलावे लागलेल्या मुलांना ह्याचा फार उपयोग आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैदी व त्यांची कुटुंबे ह्यांच्यासाठी काम करीत आहे. संकटात सापडलेल्या कोणत्याही मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

हे सर्व असूनही ही मदत त्या घरापर्यंत पोहोचत का नाही? कारण अर्ज करावयाचा म्हणजे कचेरीच्या खिडकीत उभे राहून "माझा नवरा तुरुंगात आहे" असे मोठ्याने सांगावे लागते. मागे ओळखीचे चार लोक उभे असतात. बाई तशीच परत फिरते. येथे आपले मंडळ उपयोगी पडू शकते. तिच्याबरोबर एखादी जाणती भगिनी गेली, कागद तिने पुढे केले, तर एवढ्यानेच अर्धे काम होते.

म्हणून आम्ही कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे पुढील सूचना ठेवतो. पहिली, शिष्यवृत्तीच्या अर्जावर आई अथवा सांभाळ करणाऱ्या कोणाही पालकाची सही पुरेशी समजावी आणि 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना काढून टाकावा. दुसरी, दोन विश्वासू व्यक्ती नेमाव्यात, त्यांतील एक भगिनी असावी. त्यांनी अशा घरी स्वतः होऊन जावे, आणि तेथील गोष्ट बाहेर बोलू नये. मदत घेणाऱ्याचे नाव स्मरणिकेत छापू नये, छायाचित्र तर नाहीच नाही. तिसरी, कचेरी, न्यायालय व तुरुंगाची भेट ह्यांसाठी सोबत करणाऱ्यांची यादी तयार ठेवावी, आणि मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी लहानसा निधी वेगळा काढावा. चौथी, वधुवर मेळाव्यात मुलामुलीची योग्यता पाहावी, बापाचा खटला विचारू नये. पाचवी, माणूस सुटून आला की त्याच आठवड्यात मंडळाच्या कोणीतरी त्याच्या घरी चहाला जावे. सुटून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जे दार उघडे मिळते, त्याच दारातून तो पुढे आत जातो. ते दार चांगल्या माणसांचे असावे.

सहावी गोष्ट सूचना नाही, इशारा आहे. एखाद्या घरास जातीने वाळीत टाकणे हा आता नुसता दुष्टपणा नाही, तर गुन्हा आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ साली केला, आणि २०१७ पासून तो अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कैद्याच्या घरावर बहिष्कार टाकणारे पंचच उद्या कैदी व्हावेत, असा त्याचा अर्थ आहे. आणि ही मदत ज्ञातीच्या कुंपणापुरती नसावी, हेही सांगून ठेवतो. शेजारच्या चाळीतील मूल आपल्या ज्ञातीचे नाही, म्हणून त्याची भूक निराळी नसते.

आता थोडक्यात आटोपतो. ती मुलगी आम्हांस अलीकडे बदलापूर स्थानकावर भेटली. डोक्यावरचे काही केस पिकले आहेत. बरोबर शाळेच्या गणवेशात तिची लेक होती. तिने वाकून नमस्कार केला आणि लेकीला म्हणाली, "हे आमचे गुरुजी." आम्ही केलेल्या गोष्टीचा तिने उल्लेखही केला नाही. त्या नमस्काराला आम्ही पात्र नव्हतो. गाडी आली, ती गेली. आणि आम्हांस जे बोलावयाचे होते ते राहून गेले. ते आज आपल्यासमोर बोललो.

तो अर्ज पूर्ण होता. अपूर्ण आम्ही होतो. येत्या वर्षी असा अर्ज आला, तर तांबडी शाई उचलण्यापूर्वी समितीने आमची ही कबुली आठवावी, एवढीच विनंती.